घरच्या पार्किंगमध्ये ब्रेकचं काम

पुण्यातल्या गाडीच्या ब्रेकवर दोन वेगळ्या तऱ्हेचा भार पडतो. सोमवार ते शनिवार कर्वे रस्ता: पहिला गिअर, दुसरा गिअर, समोर रिक्षा, ब्रेक. सुट्टीच्या दिवशी सिंहगड, ताम्हिणी नाहीतर वरंधा. तिथे उतरताना वळणामागून वळण येतं आणि पाय ब्रेकवरून पुरता उचलला जात नाही. पहिल्या प्रकारात पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे, झिजतात, दुसऱ्यात ब्रेक ऑइल तापतं. झिजलेले पॅड आवाज करून कळवतात. ऑइल काहीच कळवत नाही, म्हणून त्याच्याबद्दल मी इथे जरा जास्त लिहिणार आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. कोथरूडच्या सोसायटीत आमची एक जुनी हॅचबॅक उभी असते. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. इंजिन ऑइल, फिल्टर, बॅटरी, वायपर ही कामं मी आधीपासून घरीच करत होते. ब्रेकला मात्र हात लावला नव्हता, कारण ज्याला विचारावं तो म्हणे, 'बाकी काय हवं ते कर, ब्रेक नको.' या सल्ल्यामागची काळजी खरी आहे. पण त्यामुळे होतं असं की, ज्या भागावर आपला आणि रस्त्यावरच्या परक्या माणसांचा जीव अवलंबून असतो, नेमका तोच भाग गाडीच्या मालकाने कधी पाहिलेला नसतो. सर्व्हिसिंगच्या बिलावर 'ब्रेक चेक अँड क्लीन' अशी ओळ असते. तिच्यामागे नक्की काय पाहिलं, किती मिलिमीटर उरले, ऑइल कधीचं आहे, हे विचारायचं तरी आपल्याला त्यातलं थोडं ठाऊक हवं.

पुढच्या डाव्या चाकातून बारीक, कर्कश आवाज यायला लागला तिथून हे सुरू झालं. गाडी सावकाश चालली की आवाज यायचा, ब्रेक दाबला की बदलायचा, कधी बंदही व्हायचा. पुष्कळशा पॅडच्या पाठीला एक छोटी पोलादी पट्टी बसवलेली असते. घर्षणाचा थर दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि चाक फिरताना किंचाळते. तो आवाज म्हणजे बिघाड नव्हे, ती कंपनीने ठरवून ठेवलेली सूचना असते. ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर थर संपतो, पॅडची लोखंडी पाठ डिस्कवर घासायला लागते आणि पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च मिळतो. थांबायला लागणारं अंतर वाढतं ते वेगळंच.

सामानासाठी एक शनिवार पेठांमध्ये गेला. बोहरी आळीतून दोन जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलणारे टेकू), एक दणकट सी क्लॅम्प आणि 8 मिलिमीटरचा सहा बाजूंचा रिंग पाना घेतला. पॅड, ब्रेक ऑइल आणि सिलिकॉन ग्रीससाठी नाना पेठ. तिथल्या दुकानदाराने मॉडेल आणि वर्ष ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, आरसी बुकाचा फोटो आहे का? चासी नंबर बघूनच देतो." त्याचं बरोबर होतं. एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) बदललेला असू शकतो, आणि दिसायला सारखे पॅड कानाशी, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकांशी, मिलिमीटरभर वेगळे निघतात. पॅड घेताना मी बिल घेतलं, खोक्यावरचं सील आणि छापील किंमत पाहिली. ब्रेकच्या बाबतीत स्वस्तातला अनोळखी माल मी घेणार नाही, आणि कुणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला आवाज करणारा पाना, विकत घ्यायची गरज पडली नाही. पहिल्या मजल्यावरचे काका टेल्कोतून निवृत्त झालेत.

"काका, तुमचा टॉर्क रेंच रविवारपुरता द्याल का?"

"देतो की. कशाला हवाय?"

"पुढचे पॅड बदलतेय."

ते क्षणभर थांबले. "स्टँड आहेत का तुझ्याकडे?"

"आहेत, दोन."

"मग कर. नुसत्या जॅकवर करणार असलीस तर देणार नव्हतो."

या काकांचं हे एक वाक्य मी प्रत्येकाला सांगते. गाडीसोबत मिळणारा जॅक स्टेपनी लावण्यापुरता असतो. त्याच्यावर उभ्या गाडीखाली डोकं, हात, पाय, काहीही घालायचं नाही. आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत आणि पावसाळ्यानंतर त्यातले काही खचलेत. अशा जमिनीवर जॅकचा पाया रुततो आणि जॅक तिरका होतो. म्हणून जॅकखाली आणि स्टँडखाली जाड प्लायचे तुकडे ठेवले. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, कारण उचललेल्या गाडीवर पाना मारून जोर लावला की गाडी हलते. स्टँडवर गाडी बसल्यावर तिला दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्याच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवलं. स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही.

ब्रेकची धूळ फुंकायची किंवा हवेच्या पाइपाने उडवायची नाही. जुन्या काळच्या पॅड-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. आताच्या पॅडवर 'ॲस्बेस्टॉसविरहित' लिहिलेलं असलं तरी ती बारीक पूड फुप्फुसात जाण्यासारखी नक्कीच नाही. तोंडाला मास्क लावला, ब्रेक क्लीनर मारून सगळं ओलं केलं आणि चिंधीने पुसून घेतलं. ती चिंधी लगेच पिशवीत बांधून टाकली.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की आमच्या गाडीत कॅलिपर वरच्या पिनवर वर फिरतो आणि पॅड समोर येतात. काही गाड्यांत तो पूर्ण उतरवावा लागतो. तसं असेल तर तो तारेने स्प्रिंगला बांधायचा, रबरी होजवर (ऑइलच्या नळीवर) लोंबकळत सोडायचा नाही. होज बाहेरून धड दिसतो आणि आतून फाटतो.

पॅड हातात आले तेव्हा या कामातली सगळ्यात उपयोगी माहिती मिळाली. बाहेरच्या पॅडवर अजून पाचेक मिलिमीटर थर होता आणि आतल्यावर जेमतेम दोन. दोन्ही पॅड एकाच वेळी एकाच डिस्कला दाबतात, मग झीज इतकी वेगळी कशी? आमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. खालची पिन ओढून काढली तर ग्रीस वाळून चिकट झालं होतं आणि टोकाला गंज धरला होता. नुसते पॅड बदलून चाक लावलं असतं तर नवा आतला पॅडही वेळेआधीच संपला असता. गॅरेजमध्ये काम झालं तरी जुने पॅड परत मागून घ्या, असं मी म्हणते ते यासाठीच. आतला कुठला आणि बाहेरचा कुठला एवढं विचारून दोन्हींची जाडी बघितली की कॅलिपरची तब्येत कळते.

पिना स्वच्छ केल्या, बारीक पॉलिश पेपरने गंज काढला आणि सिलिकॉन ग्रीस लावलं. इथे बेअरिंगचं साधं ग्रीस चालत नाही. ब्रेकमधली बरीचशी रबरं ईपीडीएम जातीची असतात आणि पेट्रोलियमपासून बनलेल्या ग्रीसने ती फुगतात. फुगलेलं रबर पिनला आवळतं आणि पिन पुन्हा अडकते.

डिस्कची जाडी मोजायला कॉलेजातला व्हर्नियर आणला होता. किमान किती जाडी चालेल तो आकडा बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेला असतो. मोजताना एक अडचण येते. पॅड डिस्कच्या अगदी काठापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे काठाला न झिजलेली उंच कड राहते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावरच टेकतात. वाचन खऱ्यापेक्षा जास्त येतं आणि झिजलेली डिस्क चांगली वाटते. प्रयोगशाळेतला साधा उपाय इथेही चालतो. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरायचं, सगळं मिळून मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. आमची डिस्क अजून मर्यादेत होती, पृष्ठभागावर नख अडकेल अशी चर नव्हती. ती तशीच ठेवली.

नवे पॅड जाड असल्यामुळे पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्याआधी बॉनेटखालच्या टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढून घेतलं, नाहीतर ते वर येऊन सांडतं. ब्रेक ऑइल रंगाला घातक आहे, थेंब पडला तर पुसत बसण्यापेक्षा भरपूर पाणी ओतावं. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी क्लॅम्प हळूहळू आवळला. पिस्टन सरळ आणि एकसारखा आत गेला, त्याच्याभोवतीचं रबर कुठे फाटलेलं नव्हतं. पिस्टन अडखळत जात असेल किंवा रबराखालून ओल दिसत असेल तर घरचं काम तिथेच थांबवावं. कॅलिपरची दुरुस्ती वेगळं प्रकरण आहे.

पॅड बसवताना ग्रीसचा हात घर्षणाच्या बाजूला लागू दिला नाही. ग्रीस फक्त पॅडच्या कानांवर आणि पाठीवर, तेही पुसट. मग कॅलिपर खाली, बोल्ट, चाक. नट समोरासमोरचे असे फुलीच्या क्रमाने आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर. आमच्या मॅन्युअलमध्ये 85 न्यूटन-मीटर दिलेत, दुसऱ्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये बघावा. काका तोवर खाली येऊन खुर्ची टाकून बसले होते. रेंचचा 'कट' आवाज आला की ते मान हलवायचे.

उजवं चाकही त्याच दिवशी केलं. एका बाजूचे पॅड नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने असं कधीच ठेवायचं नाही, ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

आणि यानंतरची एक कृती अशी आहे की ती विसरणं परवडत नाही. गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दाबत राहायचं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. दाबत गेलं की पिस्टन पुढे येऊन पॅडला टेकतो आणि पेडल वर, घट्ट येतं. पेडल घट्ट लागल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही.

आता ऑइल.

ब्रेकचं पेडल आणि चाक यांच्यामध्ये फक्त एक द्रवाचा स्तंभ असतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चारही चाकांना पोचतो. वायू दाबला जातो. नळीत वाफ किंवा हवा असेल तर पायाचा जोर तिला दाबण्यात खर्च होतो आणि चाकाला काहीच मिळत नाही. घाटात पेडल अचानक खाली जातं त्याच्या मागे बऱ्याचदा हेच असतं: कॅलिपरमधलं ऑइल उकळलं.

ते इतकं तापतं का, याचा हिशेब मी अकरावीच्या मुलांना करून दाखवते. एक टन वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून थांबवली तर ब्रेकमध्ये सुमारे 1 लाख 40 हजार ज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी सिंहगडावरून खाली आणताना ती सुमारे 500 मीटर उंची उतरते, म्हणजे 49 लाख ज्यूल. हवा आणि इंजिन त्यातला वाटा उचलतात. गाडी न्यूट्रलला टाकली तर इंजिनचा वाटा शून्य होतो आणि ब्रेकला जवळजवळ पस्तीस वेळा पूर्ण थांबण्याइतकं काम करावं लागतं, तेही मध्ये थंड व्हायला वेळ न मिळता. शिवाय उतारावर इंजिनच बंद केलं तर पायाचा जोर वाढवणाऱ्या व्हॅक्यूम बूस्टरमधली निर्वाताची साठवण दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका मालवाहू वाहनामुळे चाळीसहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं. अवजड ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यांच्यात हे ऑइल नसतं. पण लांब उतारावर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटते, हा नियम ट्रकलाही तोच आणि आपल्या हॅचबॅकलाही तोच. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं अगदी शास्त्रशुद्ध आहे.

ब्रेक ऑइल नावापुरतंच ऑइल आहे. डॉट 3 आणि डॉट 4 (ब्रेक ऑइलच्या ठरलेल्या श्रेणी) ही ग्लायकॉल ईथरची मिश्रणं असतात, डॉट 4 मध्ये बोरेट एस्टरही असतात. हे पदार्थ हवेतलं पाणी शोषून घेतात. त्याचा फायदाही आहे, नाहीतर आत शिरलेलं पाणी थेंबाथेंबाने तळाशी साचेल, शंभर अंशांच्या आसपास उकळेल आणि लोखंडाला गंज आणेल. शोषलेलं पाणी सगळीकडे विखुरतं, पण त्याची किंमत उत्कलनबिंदूने चुकवावी लागते. मानकांनुसार ताजं, कोरडं डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसला आणि डॉट 4 किमान 230 अंशांना उकळायला हवं. सुमारे 3.7 टक्के पाणी मुरल्यावर हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. बऱ्याच डब्यांवर दोन्ही आकडे छापलेले असतात, मोठ्या अक्षरातला बहुतेक वेळा कोरड्याचा. गाडीत वर्ष-दोन वर्षं राहिलेल्या ऑइलसाठी दुसरा आकडा बघायचा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात कपडे तीन दिवस वाळत नाहीत. तीच ओल होजच्या रबरातून आणि टाकीच्या झाकणातून सावकाश आत जात असते, गाडी चालो वा उभी राहो. म्हणूनच हा हिशेब किलोमीटरचा नसून वर्षांचा आहे. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावं. 'गाडी फार चालत नाही हो' हे इथे कारण होऊ शकत नाही.

आमच्या गाडीतलं ऑइल किती वर्षांचं होतं ते जुन्या बिलांत शोधूनही सापडलं नाही. टाकीवर डॉट 3 लिहिलं होतं. डॉट 4 त्यात चालतं, दोन्ही ग्लायकॉलचीच आहेत. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. डॉट 5.1 पुन्हा ग्लायकॉलचं, नावावरून गोंधळ होतो, म्हणून दुकानात आकडा नीट वाचून घ्यावा. मी डॉट 4 चा अर्ध्या लिटरचा सीलबंद डबा आणला होता. फोडून वर्षभर ठेवलेला डबा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

ऑइल बदलायला दोन माणसं लागतात. दुसरं माणूस आई. तिने आयुष्यात गाडी चालवलेली नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर तिने आधी चप्पल काढून ठेवली.

"यातलं ब्रेकचं कुठलं गं?"

"मधलं. मी 'दाब' म्हटलं की हळूहळू दाब. 'धर' म्हटलं की तिथेच ठेव, पाय उचलायचा नाही. 'सोड' म्हटलं की सोड."

"आणि खाली गेलं तर?"

"जाणारच आहे. गेलं तरी पाय तसाच ठेव."

क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या आमच्या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा भाग) उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक पहिलं. चाकामागच्या निपलवर (ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या बोल्टवर) आधी रिंग पाना बसवला, मग पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक थोडं ताजं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलं. आई दाबते, मी निपल पाव फेरा सैल करते, जुनं ऑइल नळीतून वाहतं, पेडल खाली जातं, "धर", मी निपल आवळते, आणि त्यानंतरच "सोड". या शेवटच्या दोन गोष्टींचा क्रम उलटला तर नळीतून हवा आत ओढली जाते. आईने एकदाही पाय आधी उचलला नाही. थोड्या वेळाने ती स्वतःच मोठ्याने "धरलंय" म्हणून कळवायला लागली. तिचं उत्तर आल्याशिवाय मी पाना हलवत नव्हते, आणि ही पद्धत आम्ही आता कायमची ठेवली आहे.

पहिल्यांदा आलेलं ऑइल काळपट तपकिरी होतं, मग फिकट होत होत डब्यातल्यासारखं सोनेरी झालं. रंगावरून पाण्याचं प्रमाण कळत नाही, स्वच्छ दिसणारं ऑइलही पाणी पिऊन बसलेलं असू शकतं. पण नवं ऑइल चाकापर्यंत पोचलं एवढं रंगावरून नक्की समजतं. मध्ये मध्ये टाकी भरत राहायची, पातळी किमान खुणेखाली जाऊ द्यायची नाही. ज्यांच्या गाडीत एबीएस आहे (एप्रिल 2019 पासूनच्या सगळ्या नव्या कारमध्ये ते असतंच) त्यांनी तर टाकीवरची नजर हलवूच नये. एबीएसच्या यंत्रात हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर जोडावा लागतो.

मागच्या उजव्या चाकाचा निपल हलला नाही. आदल्या रात्री गंज सैल करणारा स्प्रे मारून ठेवला होता, पानाही सहा बाजूंचा होता. तरी हलला नाही. ही निपलं आतून पोकळ असतात. आणखी जोर लावला की मोडतात आणि मग त्या चाकाचा अख्खा ब्रेक सिलिंडर काढावा लागतो. मी पाना खाली ठेवला. पुढची दोन्ही चाकं करून घेतली, गाडी उतरवली, पेडल तपासलं आणि सोमवारी सकाळी गाडी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवर सावकाश नेली.

तिथल्या मेकॅनिकला मी काय केलं आणि काय राहिलं ते सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंत ताई, जोर नाही लावला ते." त्याने उजवा ड्रम उतरवला, सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचललं आणि मला जवळ बोलावलं. आत ओल होती. बाहेर एक थेंबही दिसत नव्हता. ड्रमच्या आतली ही गळती सुरुवातीला अशीच दिसते, बुटाच्या आत. पुढे ती ब्रेक शूच्या (ड्रमला आतून दाबणाऱ्या तुकड्यांच्या) लायनरवर येते, ते चाक धरत नाही, आणि तोवर टाकीतली पातळीही हळूहळू उतरत असते. पातळी उतरायचं दुसरं साधं कारण पॅडची झीज आहे, कारण पिस्टन जितका बाहेर येतो तितकं ऑइल त्याच्यामागे भरतं. त्यामुळे टाकी कमी दिसली की नुसती वरून भरून मोकळं व्हायचं नाही, ती का कमी झाली ते शोधायचं. त्याने दोन्ही मागचे सिलिंडर बदलले, शू तपासून परत बसवले, हँडब्रेकची तार आवळली आणि मागच्या चाकांच्या ब्रेकमधली हवा पुन्हा काढली. हे काम मी घरी करणार नाही. ड्रममधल्या स्प्रिंगा, त्यांचा क्रम, ॲडजस्टर, यात सरावाचा हात लागतो, आणि तो हात मी त्या दिवशी शेजारी उभं राहून पाहिला.

घरी आल्यावर पुन्हा दोन तपासण्या केल्या. इंजिन बंद ठेवून पेडल दाबून दाबून बूस्टरमधली साठवण संपवली, मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू केलं. पेडल किंचित खाली गेलं की बूस्टर ठीक. नंतर इंजिन चालू असताना मिनिटभर पेडल जोरात दाबून धरलं. ते सावकाश खाली जात राहिलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून ऑइल सोडतोय. आमचं जागेवर राहिलं.

नवे पॅड डिस्कशी बसवून घ्यावे लागतात. पॅडच्या पदार्थाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढला की पकड पूर्ण येते. पहाटे एनडीए रस्त्यावर, मागे कुणी नाही हे आरशात बघून, ताशी 50 वरून 10 पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. मध्ये थोडं अंतर ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्यायची. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो आणि नंतर पेडल थरथरतं. पहिल्या काही ब्रेकना पकड कमी लागली, थोडा जळका वास आला, मग पेडल नेमकं लागायला लागलं. थोडं अंतर चालल्यावर काकांचा रेंच पुन्हा आणून चाकांचे नट तपासले.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडात ओतलं नाही. झाकणाच्या बाटलीत भरून, वर नाव लिहून गॅरेजवर दिलं. ते लोक वापरलेलं ऑइल नेणाऱ्याला देतात.

पावसाळ्यात दोन दिवस गाडी उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज दिसतो आणि सोसायटीतले लोक घाबरून दाखवायला येतात. डिस्क बिडाची असते, गंजणारच. पहिल्या काही ब्रेकमध्ये तो थर निघून जातो. महिना-दोन महिने गाडी हललीच नसेल तर मात्र पिना आणि पॅडचे कान बघून घ्यावेत.

एक सवय मी या कामानंतर लावून घेतली आणि ती कुणालाही जमेल. लांबचा प्रवास करून आलं की चारही चाकांच्या मध्याजवळ, न टेकवता, हात धरून बघायचा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असतात, ते ठीक आहे. डावं आणि उजवं सारखं हवं. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. ते थंडच असेल तर तो धरत नाहीये. ताम्हिणीतून परत आल्यावर बघितलं, पुढची दोन्ही सारखी होती. आईनेही हात धरून बघितला आणि मागच्या चाकांचं काय, असं विचारलं. तीही सारखीच होती.